एकाच हाडाची दोन उत्तरं : स्वांते पाबो आणि निअँडरथल जीनोममधली भेसळ

क्रोएशियाच्या उत्तर भागात विंदिया नावाची गुहा आहे. तिथे सापडलेल्या निअँडरथल माणसाच्या, म्हणजे आपल्या एका नामशेष झालेल्या जवळच्या मानवगटाच्या, हाडाच्या एका लहानशा तुकड्यावर दोन गटांनी काम केलं आणि नोव्हेंबर २००६ मध्ये, एकाच आठवड्यात, दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. 'नेचर'मधला निबंध जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक उत्क्रांती मानवशास्त्र संस्थेतल्या स्वांते पाबो यांच्या गटाचा होता. त्यांनी डीएनएची (ए, सी, जी, टी या चार घटकांची) सुमारे १० लाख अक्षरं वाचली होती. 'सायन्स'मधला निबंध कॅलिफोर्नियातल्या एडी रूबिन यांच्या गटाचा, त्यात सुमारे ६५ हजार अक्षरं होती. हाड तेच. पण निअँडरथलचा आणि आपला डीएनए एकमेकांपासून कधी वेगळा होत गेला, याचं उत्तर एका निबंधात साधारण ५ लाख वर्षं होतं, तर दुसऱ्यात ७ लाख ६ हजार.

पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्याच जेफ्री वॉल आणि संग किम या दोघांनी दोन्ही गटांची जाहीर माहिती शेजारी शेजारी ठेवून तपासली. त्यांचा निष्कर्ष सौम्य शब्दांत होता, पण घाव मोठा होता. दोन्ही संच एकमेकांशी जुळत नाहीत आणि एकात गंभीर दोष आहे, बहुधा आजच्या माणसांच्या डीएनएची भेसळ. दोष होता तो 'नेचर'मधल्या संचात, म्हणजे पाबो यांच्या.

ज्या माणसाने त्याआधीची वीस वर्षं इतरांना भेसळीबद्दल सावध करण्यात घालवली होती, त्याच्याच हातून हे झालं. निअँडरथल जीनोमची, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएची, गोष्ट सांगताना २०१० चं यश आणि २०२२ चं नोबेल यांवर सगळा भर असतो. मला मात्र २००७ ते २०१० हा मधला काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. पाबो नेमके कसले वैज्ञानिक आहेत ते तिथे कळतं, म्हणून हे प्रकरण त्या काळाभोवती मांडलं आहे.

ममीपासूनची सवय

पाबो यांचा जन्म १९५५ चा, स्टॉकहोमचा. उप्साला विद्यापीठात ते पीएचडी करत होते अडिनोव्हायरसच्या एका प्रथिनावर, पण डोक्यात इजिप्त होतं. ममीमध्ये डीएनए टिकत असेल का, हे त्यांनी आपल्या मार्गदर्शकांना न सांगता बघायला घेतलं. सुरुवात दुकानातून आणलेल्या वासराच्या काळजापासून झाली. ते प्रयोगशाळेतल्या भट्टीत सुमारे ५० अंशांवर वाळवून 'घरगुती ममी' तयार केली आणि तिच्यात डीएनए उरतो हे पाहिलं. त्या वासाने प्रयोगशाळेतल्या इतरांना कुणकुण लागलीच. मग बर्लिनच्या संग्रहालयातल्या ममींचे नमुने घेतले. त्यांतल्या सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या ममीतून ३४०० अक्षरांचा तुकडा मिळाल्याचा निबंध १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. तो वाचून बर्कलीच्या ॲलन विल्सन यांनी पाबो यांना प्राध्यापक समजून पत्र लिहिलं, तुमच्या प्रयोगशाळेत सुट्टीतलं वर्ष काढायला येऊ का, असं. विल्सन म्हणजे रेणूंवरून उत्क्रांतीचा काळ मोजण्याच्या शास्त्राचे धुरीण, आणि पाबो अजून विद्यार्थी. शेवटी उलटंच झालं आणि पाबो त्यांच्याकडे बर्कलीला गेले.

ममीतला तो तुकडा बहुधा ममीचा नव्हताच. उत्खननापासून प्रयोगशाळेपर्यंत जे हात त्या ममीला लागले, त्यांतल्या कुणाचा तरी तो डीएनए असणार. हे पाबो यांनी पुढे स्वतःच मान्य केलं. त्यांच्या नावावरचं पहिलं मोठं यश असं पायाखालून निसटलेलं आहे. पुढच्या सगळ्या कामातला संशय तिथून येतो, असं मला वाटतं.

त्यानंतर पीसीआर आलं. डीएनएचा एखादा रेणू असला तरी त्याच्या लाखो प्रती काढणारं हे तंत्र प्राचीन डीएनएच्या अभ्यासाला वरदान ठरलं आणि तितकंच घातकही. हाडातला डीएनए तुटका आणि विरलेला, तर हाड हाताळणाऱ्याच्या त्वचेवरचा ताजा आणि अखंड. प्रती निघतात त्या ताज्याच्याच. १९९४ मध्ये आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातून डायनोसॉरचा डीएनए मिळाल्याचा दावा झाला. पुढे कळलं की तो माणसाचाच डीएनए होता. मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांतल्या, डीएनएचा एक तुकडा कधीकाळी आपल्या गुणसूत्रांत जाऊन बसलेला आहे, तो डायनोसॉरचा म्हणून वाचला गेला होता. अंबरात अडकलेल्या कीटकांच्या डीएनएचे दावेही कुणाला पुन्हा करून दाखवता आले नाहीत. या सगळ्या काळात पाबो यांचा गट नियम घालत होता. स्वतंत्र खोली हवी, हवा गाळलेली हवी, ब्लीचने पुसलेली टेबलं आणि अतिनील दिवे हवेत, अंगभर झगा आणि मुखपट्टी हवी, प्रत्येक फेरीत हाड न घालता चालवलेली कोरी नळी हवी आणि तोच निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत निघायला हवा. आपल्याकडे देवघरात पूजेला सोवळं नेसून जातात, बाहेरच्या कपड्यांचा स्पर्श चालत नाही, तशीच ही खोली. पीसीआर चालणाऱ्या इमारतीतून आलेल्या माणसाला त्या दिवशी पुन्हा आत प्रवेश नाही.

या शिस्तीचं पहिलं मोठं फळ १९९७ मध्ये मिळालं. १८५६ साली निअँडर खोऱ्यात सापडलेल्या, ज्यावरून या मानवाला नाव मिळालं त्याच मूळ सांगाड्याच्या दंडाच्या हाडातून ३.५ ग्रॅमचा तुकडा काढण्यात आला. त्यातून मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची ३७९ अक्षरं वाचली गेली आणि अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात ती पुन्हा पडताळली गेली. आजच्या दोन माणसांत त्या भागात सरासरी ८ अक्षरांचा फरक असतो. निअँडरथल आणि आपल्यात तो २७ निघाला. आपल्या मातृवंशात निअँडरथल नाहीत, असा अर्थ निघाला. त्याच वर्षी लाइपझिगची संस्था सुरू झाली आणि पाबो तिच्या संचालकांपैकी एक झाले.

घाई कुठे झाली

मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, त्यामुळे त्यांचा डीएनए वंशाची एकच रेघ दाखवतो. खरा प्रश्न केंद्रकातल्या ३ अब्ज अक्षरांचा होता. एका पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो प्रती असतात, केंद्रकातल्याच्या मात्र दोनच. ४० हजार वर्षांहून जुन्या हाडात त्यातलं काय उरणार?

२००५ च्या सुमारास ४५४ लाइफ सायन्सेस या अमेरिकी कंपनीचं नवं यंत्र आलं आणि गणित बदललं. विशिष्ट तुकडा निवडून त्याच्या प्रती काढण्याऐवजी अर्कातले सगळेच तुकडे वाचायचे, मग संगणकावर माणसाच्या आणि चिंपांझीच्या जीनोमशी ताडून आपले कोणते आणि जीवाणूंचे कोणते ते वेगळं करायचं. प्राचीन डीएनए तसाही ५०-६० अक्षरांच्या तुकड्यांत मोडलेला असतो आणि हे यंत्र छोटेच तुकडे वाचत होतं. जोडी छान जमली. गटाने युरोप आणि पश्चिम आशियातल्या सत्तरहून अधिक हाडा-दातांच्या नमुन्यांतून विंदियाचं हाड निवडलं. ते दिसायला सामान्य होतं, पण त्यामुळेच ते फारसं कुणी हाताळलेलं नव्हतं. जुलै २००६ मध्ये, निअँडरथलच्या शोधाला १५० वर्षं होत असताना, पाबो यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं की दोन वर्षांत संपूर्ण निअँडरथल जीनोम देऊ.

इथे मला त्यांच्या निर्णयावर बोट ठेवावंसं वाटतं. लाइपझिगच्या स्वच्छ खोलीत काढलेला हाडाचा अर्क तपासला होता. त्यातला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जवळजवळ सगळा निअँडरथलचाच होता. पण तो अर्क यंत्रात घालण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या टोकांना कृत्रिम डीएनएची शेपटं जोडावी लागतात, ज्याला प्रयोगशाळेत 'लायब्ररी बनवणं' म्हणतात. ते काम कनेक्टिकटमध्ये कंपनीच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत झालं. तिथे सोवळं नव्हतं. शेपूट जोडण्याच्या त्या टप्प्यावर जो परका तुकडा नळीत पडला, तोही शेपूट लावून निअँडरथलच्या रांगेत जाऊन बसला. घराच्या सगळ्या खिडक्या बंद करून मागचं दार उघडं राहावं, तसं झालं.

मग हे लगेच का कळलं नाही? भेसळ मोजायची खात्रीची एकच पट्टी तेव्हा हाताशी होती, मायटोकॉन्ड्रियाची. तिथे निअँडरथल आणि माणूस यांच्यात फरक पक्के ठाऊक होते. पण १० लाख अक्षरांत त्या भागावर पडणारे तुकडे मोजकेच होते. इतक्या थोड्या तुकड्यांवरून काढलेला अंदाज कुठेही झुकू शकतो. केंद्रकात तर निअँडरथलची अक्षरं कोणती हेच आधी माहीत नव्हतं, तेच तर शोधायचं होतं.

वॉल आणि किम यांच्या तपासणीत दिसलेली खूण मला फार बोलकी वाटते. लाइपझिगच्या संचातले लांब तुकडे आखूड तुकड्यांपेक्षा आजच्या माणसाशी जास्त जुळत होते. जुना डीएनए तुकडे होऊन आखूड होतो, ताजा लांब राहतो. म्हणजे लांब तुकड्यांत ताजे, आजच्या माणसाचे तुकडे जास्त. इतका साधा तर्क, पण तो लावायला आपल्याच आवडत्या निष्कर्षाकडे परक्याच्या नजरेने बघावं लागतं.

शेपटातली चार अक्षरं

या टीकेनंतर दोन वाटा होत्या. एक, आकडेमोड सुधारून जुन्या संचातला भेसळीचा अंश वजा करायचा आणि ठरलेल्या मुदतीकडे धावायचं. दुसरी, कामाची साखळी पहिल्या कडीपासून पुन्हा बांधायची. गटाने दुसरी वाट धरली. जुन्या संचात लक्षणीय भेसळ होती हे त्यांनी २००९ मध्ये स्वतंत्र निबंध लिहून नोंदवलं.

पहिला बदल दिसायला अगदी किरकोळ. लायब्ररी बनवण्याचं काम स्वच्छ खोलीत आणलं आणि जोडायच्या शेपटात चार अक्षरांची खूण घातली, टीजीएसी. ही खूण फक्त निअँडरथल प्रकल्पासाठी आणि फक्त त्या खोलीत वापरायची. यापुढे अर्क कुठल्याही देशातल्या कुठल्याही यंत्रात जावो, वाचलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला टीजीएसी दिसलं नाही तर तो तुकडा बाद. खोलीबाहेर शिरलेल्या डीएनएला ही खूण मिळणं शक्यच नाही.

दुसरा बदल खर्चाशी निगडित होता. विंदियाच्या हाडांच्या अर्कात निअँडरथलचा डीएनए साधारण १ ते ५ टक्के, बाकी बहुतेक जमिनीतल्या जीवाणूंचा. खड्यांच्या राशीतून दाणे वेचावेत तसं हे काम. जीवाणूंच्या डीएनएत जास्त आढळणाऱ्या अक्षरजोड्यांवर घाव घालणारी विकरं (एन्झाइम) वापरून त्यांनी ती रास आधीच फोडली. लायब्ररीतलं निअँडरथलचं प्रमाण त्यामुळे चारपट ते सहापट वाढलं. पुढे बहुतेक वाचन जास्त स्वस्त अशा इलुमिना यंत्रांवर नेलं.

तिसरी गोष्ट बदल नव्हे, शोधच होता. एड्रियन ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की प्राचीन तुकड्यांच्या टोकांशी 'सी' या अक्षराच्या जागी 'टी' वाचलं जाण्याचं प्रमाण फार वाढलेलं असतं. सायटोसीन, म्हणजे 'सी', काळाच्या ओघात अमोनिया गमावून युरॅसिल होतो आणि यंत्र त्याला 'टी' समजतं. जुनेपणाची ही जखम ताज्या डीएनएवर नसते. आजवर जी मोडतोड डोकेदुखी होती, तीच आता ओळखपत्र झाली. आज प्राचीन डीएनएच्या बहुतेक निबंधांत टोकाशी वर चढत जाणारी ती रेघ तपासलेली असते.

चौथी गोष्ट म्हणजे भेसळ मोजायच्या एकाऐवजी तीन पट्ट्या. २००८ मध्ये निअँडरथलचा मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम पूर्ण, १६,५६५ अक्षरांचा, वाचला गेला, त्यामुळे पहिली पट्टी आता भरवशाची झाली. दुसरी पट्टी वाय गुणसूत्राची. मुख्य तीनही हाडं स्त्रियांची निघाली. स्त्रीच्या हाडात वाय गुणसूत्राचे तुकडे जितके सापडतील तितके कुणा पुरुष संशोधकाचे किंवा उत्खनन करणाऱ्याचे. तिसरी पट्टी केंद्रकातल्या फरकांवरून. तिन्ही पट्ट्यांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर दिलं, भेसळ १ टक्क्याच्या आत.

दोन वर्षांची मुदत हुकली. आराखडा प्रसिद्ध झाला मे २०१० मध्ये. रिचर्ड 'एड' ग्रीन पहिले लेखक होते. ४ अब्जांहून अधिक अक्षरं वाचलेली होती आणि जीनोमवर सरासरी १.३ पट आच्छादन होतं, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी १.३ वेळा वाचली गेली होती. यासाठी विंदियाच्या तीन हाडांची मिळून अर्ध्या ग्रॅमहून कमी पूड लागली.

भेसळीनेही हेच उत्तर दिलं असतं

आता या सगळ्या काटेकोरपणाची गरज नेमकी कुठे होती ते पाहू, कारण या प्रकरणाचा जीव तिथे आहे.

तुलना अशी केली. जीनोममधली अशी ठिकाणं घ्या जिथे चिंपांझीकडे जुनं अक्षर आहे, निअँडरथलकडे नवं आहे आणि आजच्या दोन माणसांपैकी एकाकडे जुनं, दुसऱ्याकडे नवं. समजा, एक माणूस नायजेरियातला योरुबा आणि दुसरा फ्रेंच. निअँडरथलचा आपल्याशी संकर झालाच नसेल, तर नवं अक्षर जितक्या वेळा योरुबाकडे सापडेल तितक्याच वेळा फ्रेंच माणसाकडे सापडायला हवं. तराजू समतोल राहायला हवा. तो राहिला नाही. पारडं फ्रेंच माणसाकडे झुकलं. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जीनोममधला १ ते ४ टक्के भाग निअँडरथलकडून आला आहे, असा अंदाज निघाला.

पण निअँडरथलच्या नळीत एखाद्या युरोपीय तंत्रज्ञाचा डीएनए पडला असता तर? तर तथाकथित 'निअँडरथल' फ्रेंच माणसाशी जास्तच जुळला असता. पारडं नेमकं याच बाजूला झुकलं असतं. २००६ च्या संचावरून हा दावा केला असता, तर तो खरा असूनही कवडीमोलाचा ठरला असता.

म्हणून गटाने आणखी पुरावे उभे केले. आजच्या पाच माणसांचे जीनोम त्यांनी स्वतःच वाचले. सान, योरुबा, पापुआ न्यू गिनीचा, हान चिनी आणि फ्रेंच असे ते पाच. निअँडरथल फ्रेंच, चिनी आणि पापुअन यांच्याशी सारख्याच प्रमाणात जवळ निघाला. भेसळ युरोपीय असती तर फ्रेंच माणूस बाकी दोघांपेक्षा पुढे गेला असता. शिवाय निअँडरथलचे अवशेष चीनमध्ये वा पापुआत सापडलेले नाहीत. त्यामुळे आपले पूर्वज आफ्रिकेतून निघाल्यावर, जगभर पांगण्याआधी, बहुधा मध्यपूर्वेत कुठेतरी हा संकर झाला असावा, असा अर्थ त्यांनी लावला. रॅस्मस नील्सन यांनी तर निअँडरथलच्या माहितीकडे न बघताच, फक्त जिवंत माणसांच्या जीनोमवरून, परक्या वाटणाऱ्या बारा जागा आधी शोधून ठेवल्या होत्या. नंतर ताडून पाहिल्यावर त्यांतल्या दहा निअँडरथलशी जुळल्या. मला या सगळ्या पुराव्यांत हा सर्वांत सुंदर वाटतो, कारण यात हाडातल्या भेसळीला हात घालायला जागाच नाही.

पाबो यांना स्वतःला संकर झाला नसावा असं वाटत होतं. १९९७ चा त्यांचाच निष्कर्ष त्या बाजूचा होता. गणिताची बाजू सांभाळणारे डेव्हिड राइक आणि निक पॅटरसन यांनी झुकलेलं पारडं दाखवलं, तेव्हाही ते कुठे तरी चूक असेल म्हणून शोधत राहिले. आधीच्या चुकीचा उपयोग इथे झाला.

तिथून पुढे

बाकीचं बहुतेकांना माहीत आहे. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतलं बोटाचं एक हाड २०१० मध्ये एका अज्ञात मानवगटाचं निघालं. माथियास मायर यांनी एकेरी धाग्याच्या लायब्ररीची पद्धत काढली आणि २०१२ मध्ये त्याच हाडाचा जीनोम ३० पट आच्छादनाने वाचला. त्याच गुहेतल्या आणखी एका हाडावरून २०१८ मध्ये कळलं की ते निअँडरथल आई आणि डेनिसोव्हन बाप असलेल्या मुलीचं आहे. २०२२ मध्ये नोबेल मिळालं. पाबो यांचे वडील सुने बर्गस्ट्रोम यांनाही १९८२ मध्ये वैद्यकशास्त्राचंच नोबेल मिळालं होतं.

आपल्या दृष्टीने मात्र २०२० चा निबंध थांबून वाचावा असा आहे. ह्युगो झेबर्ग आणि पाबो यांनी दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे ५० हजार अक्षरांचा एक पट्टा, ज्यामुळे कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो, तो निअँडरथलकडून आलेला आहे. विंदियाच्याच एका हाडातल्या जीनोमशी त्याचं सगळ्यात जवळचं नातं निघालं. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांकडे हा पट्टा आहे, दक्षिण आशियात सुमारे ५० टक्के लोकांकडे आणि बांगलादेशात ६३ टक्के लोकांकडे निदान एक प्रत. पूर्व आशियात तो जवळजवळ नाहीच. कोण वाचलं आणि कोण गेलं हे वय, आजार, प्राणवायू आणि खाट यांनीही ठरवलं, त्यामुळे सगळा भार या पट्ट्यावर टाकणं चुकीचं होईल. तरी हा लेख वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगात तो असणार.

आणि आपल्या मातीतली हाडं? विंदियाची गुहा थंड, डीएनएला मानवणारी. आपल्याकडच्या उन्हात आणि पावसात तो लवकर विरतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे तेव्हाचे कुलगुरू वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनभूमीत उत्खनन झालं. तिथले ६१ नमुने तपासल्यावर एकाच स्त्रीच्या अवशेषांतून वापरण्याजोगा डीएनए मिळाला. त्यासाठीही एकाच व्यक्तीच्या शंभराहून अधिक लायब्ऱ्या बनवून एकत्र कराव्या लागल्या. २०१९ मध्ये 'सेल'मध्ये तो निबंध आला. त्या तुकड्यांचं जुनेपणही टोकाशी 'सी'चा 'टी' झाला आहे का, यावरूनच पारखलं गेलं.